लाल औषध, बांधावरचा गुळवेल आणि फवारणीची वही

बोर्डोत दुसरं औषध मिसळायचं नाही, हे द्राक्षवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चुन्यामुळं द्रावण अल्कली होतं, बरीच कीटकनाशकं त्यात तुटून जातात आणि पैसे पाण्यात. गंधक मारल्यावर पंधरा दिवस तेल मारत नाही आपण, मारलं तर पानं करपतात. गंधकही चांगलं, तेलही चांगलं. नवीन काही टाकीत घालायचं झालं तर आधी बाटलीत थोडं थोडं करून बघतो. फाटतंय का, खाली साका बसतोय का, बाटली गरम लागतेय का. एवढी काळजी आपण वेलीची घेतो. आणि घरात माणूस केमोवर असताना जो येईल तो एक पुडी देतो आणि आपण म्हणतो, असू दे की, झाडपाल्याचंच हाय.

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यांना विचारूनच लिहितोय. म्हणाल्या, "लिहा की भाऊजी, फक्त माझं नाव नका घालू, आन् माझं टक्कल पण नका सांगू." दुसरी अट मोडली बघा.

ऑगस्टमध्ये मिरजेला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो. पहिली चार सलाईन दर एकवीस दिवसांनी, त्यात ते लाल औषध. बाटलीतून लाल थेंब उतरताना बघितलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. लघवीसुद्धा दिवसभर लालसर होते. त्यानंतर दर आठवड्याला एक अशी दुसऱ्या औषधाची बारा. मग रेडिएशन, मग पाच वर्षं किंवा जास्त गोळ्या. डॉक्टरांनी एका कागदावर हे सगळं छाटणीच्या वेळापत्रकासारखं लिहून दिलं. ते बघून मला जरा धीर आला. वेळापत्रक असलं की आपल्याला काम समजतं.

त्या पंधरा दिवसांत घरात काय काय आलं ते सांगतो. पपईच्या पानांचा रस. गव्हांकुर, ते तर आमच्याच सोप्यात ट्रे लावून उगवले होते एका आत्यांनी. लक्ष्मणफळाची कॅप्सूल. गोमूत्र अर्क. हळद आणि मिरीच्या गोळ्या. कुठल्याशा भस्माची डबी. आणि वहिनींच्या भावानं, म्हणजे दादाच्या मेव्हण्यानं, लांबच्या एका गावाहून आणलेली पांढरट पूड, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, चाळीस पुड्या. त्यावर ना नाव ना वजन. माणूस मायेनं आणत होता, त्याच्या बहिणीसाठी दोनशे किलोमीटर मोटरसायकल मारून आला होता. "पाव्हणं, ह्याला साईड इफेक्ट न्हाईत. आन् ही पूड घेताना केमो घ्यायचा न्हाई, एवढंच पथ्य."

एवढंच पथ्य! त्या एका वाक्यासाठी ही सगळी नोंद लिहितोय.

कारण वहिनींचं मन तिकडं वळलं होतं. दुसऱ्या सलाईननंतर चार दिवस त्यांना पाणीसुद्धा पचलं नाही. तोंड आलेलं, केस गेलेले. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मला न्हाई जायचं आता मिरजेला. पुडीनं बरं व्हणार आसंल तर कशाला ह्यो जाच." दादा गप्प. दादा असल्या वेळी नेहमीच गप्प असतो.

मी मेव्हण्यांशी भांडलो नाही. त्यांना २०१० सालची आठवण दिली. तेही द्राक्षवालेच. त्या वर्षी युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसीचा, अंश सापडला म्हणून. माल चांगला, गोडी चांगली, रंग चांगला आणि कंटेनर अडकलेला. तेव्हापासून निर्यातवाले शेतकरी लेबल नसलेलं टॉनिक बागेत घेत नाहीत. 'जैविक' म्हणून विकलेल्या बाटलीत रासायनिक निघाल्याचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकलेत. मी म्हटलं, "ह्या पुडीत काय हाय ते देणाऱ्यानं सांगितलं का?" नाही. "तुम्ही असली बिननावाची पूड बागेत मारशीला का?" त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, हे डॉक्टर मंडळी कधीपासून सांगतायत. आठवडाभर भूक लागते, अंगात तरतरी येते, माणूस म्हणतो गुण आला. गाठ आपली वाढतच असते. भस्माचं वेगळं. काही भस्मात आणि रसौषधीत पारा, शिसं असतं, नीट केलेलं नसेल तर मूत्रपिंडाला मारतं. आणि केमोच्या काही औषधांचा भार आधीच मूत्रपिंडावर असतो. एका बैलाला दोन गाड्या जुंपल्यासारखं होतं ते.

पुड्या गेल्या. वहिनी तिसऱ्या सलाईनला तयार झाल्या. पण एक गोष्ट आम्हा कुणाला माहीत नव्हती.

प्रत्येक सलाईनच्या आधी रक्त तपासतात, पेशी, लिव्हर, मूत्रपिंड. तिसऱ्या वेळेला लिव्हरचा एसजीपीटी बराच वाढलेला आला. डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "ताई, घरचं काही घेताय का? काढा, रस, चूर्ण? मी रागावणार नाही, मला फक्त कळायला हवं." वहिनी आधी "न्हाई" म्हणाल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गुळवेल घेत्येय. बांधावरल्या लिंबावरचा. रोज सकाळी पेलाभर. ते काय औषध न्हाई, आपलंच हाय."

ते 'आपलंच हाय' फार खरं होतं. तो वेल माझ्या आज्ज्यानं लिंबावर चढवलाय. ताप आला की त्याचाच काढा आम्ही लहानपणापासून प्यायलो. आपल्या बांधावरची वस्तू कुणाला औषध वाटत नाही, म्हणून ती कुणी डॉक्टरला सांगतही नाही.

कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. तो वाद मी मिटवू शकत नाही. वहिनींच्या बाबतीतही डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही की गुळवेलनंच झालं. केमोनंही लिव्हर बिघडू शकतं. काढा बंद केला, सलाईन आठ दिवस पुढं ढकललं, आकडा खाली आला. आता काढा थांबल्यामुळं आला की आठ दिवस विश्रांती मिळाल्यामुळं? सांगता येत नाही. शेतकऱ्याला हे चांगलं कळतं. एकाच आठवड्यात खतही बदललं आणि पाणीही बदललं तर पानं पिवळी कशानं पडली ते कोण सांगणार? माझ्या मते त्या काढ्याची खरी अडचण ही होती. लिव्हर बिघडवलं असो नसो, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर धुकं केलं. त्या आठ दिवसांत मी रोज कॅलेंडर बघत होतो. डाऊनीची फवारणी आठ दिवस चुकली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी फवारणीच्या नोंदवहीसारखी एक वही वहिनींसाठी केली. तारीख, काय घेतलं, किती घेतलं, कुणी दिलं, कशासाठी, डॉक्टरांना विचारलं का. निर्यातीच्या बागेची वही जशी ठेवतो तशीच. डॉक्टर बाईंना ती इतकी आवडली की प्रत्येक वेळी आधी वहीच मागायच्या. त्यांनी बऱ्याच ओळींवर बरोबरची खूण केली, हेही सांगितलं पाहिजे. सगळ्याला नाही म्हणणारे डॉक्टर असले की माणसं सांगायचं बंद करतात आणि लपून घेतात.

खूण कशाकशावर झाली? आल्याचा तुकडा, मळमळीसाठी. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं खाली, दोन शिरांच्या मधे दाबायचं, ते मळमळीला काहींना उपयोगी पडतं. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं गुळण्या. मुगाचं कढण, भाताची पेज. भजन, त्याला तर दोन खुणा. हलकी आसनं आणि श्वासाचे व्यायाम. योगाबद्दल माझं मत पूर्वी फारसं बरं नव्हतं, खरं सांगायचं तर शेतकऱ्याला वाटतं दिवसभर वाकतोय तेच आसन. पण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या साडेआठशेच्या आसपास बायकांवर योगाची रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निकाल मांडले गेले. योगाच्या गटाचे आकडे चांगले होते. तो योग ऑपरेशन, केमो यांच्या जोडीला होता, बदली नव्हता. आणि आसनंही रुग्णाला झेपतील अशी बेतलेली होती. टीव्हीवर बघून पोट आत ओढायचं काम नव्हे ते.

आता फुली. हळद-मिरीच्या गोळ्यांवर पहिली. सांगली भागात हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे मार खायचं काम! आमटीतली हळद चालते, चिमूट दोन चिमूट, ती कुणी थांबवली नाही. पण गोळीत अर्क असतो, आणि मिरी घालतात ती मुद्दाम, हळद रक्तात जास्त उतरावी म्हणून. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना हळद आणि मिरीचा अर्क दिला तर त्या गोळीचं शरीरात तयार होणारं कामाचं रूप बारा टक्क्यांच्या आसपास कमी झालं. वहिनींना पुढं तीच गोळी घ्यायची होती.

गव्हांकुर, कच्चे रस, कच्चं दूध, अर्क यांवर फुली. सलाईननंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा शिजवलेलं, ताजं, नीट धुतलेलं. जीवामृत मी स्वतः बागेला सोडतो, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या दिवसांत वहिनींना गोठ्यात, शेणखताच्या ढिगाजवळ, स्लरीच्या टाकीजवळ जाऊ दिलं नाही. जे जिवाणू जमिनीला पोसतात ते पेशी नसलेल्या माणसाला आडवं करतात. ताप १००.४ फॅरेनहाइटला गेला की काढा नाही, घरची गोळी नाही, रात्री दोन वाजता असला तरी गाडी काढायची. आम्ही एकदा काढली. चार दिवस ॲडमिट होत्या, अँटिबायोटिक लागलं, उतरला.

मोठ्या मात्रेतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांवरही फुली, केमो आणि रेडिएशन चालू असेपर्यंत. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असायचे, आतड्याच्या कॅन्सरचे, त्यांना कॅपेसिटाबीनच्या गोळ्या. त्यांची सून ताकदीची म्हणून फोलिक ॲसिडवाली गोळी द्यायची. फोलिक ॲसिड गरोदर बाईला देतात, वाईट वस्तू नव्हेच. पण त्या केमोच्या गोळीबरोबर तीच त्रास वाढवते. औषध दुकानातल्या पोरानं दोन्ही पाकिटं शेजारी बघितली आणि सांगितलं, आधी डॉक्टरांना विचारा.

मालीशचं अर्धं चालतं, अर्धं नाही. पायाला, पाठीला हलक्या हातानं ठीक. पेशी, विशेषतः प्लेटलेट, कमी असतील तर जोरात नाही. रेडिएशनच्या कातडीवर तेल नाही. आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला रगडायचं नाही, त्या हाताला सूज येऊन कायमची बसू शकते. त्याच हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, जखमही नको. विरळणीला वहिनी आमच्या टोळीतल्या सगळ्यात जलद. यंदा हातमोजे घालून अर्धा तास बसतात आणि मोजे घातल्यानं घड नीट कळत नाही म्हणून आम्हाला बोल लावतात.

एक गंमत. दवाखान्याच्या छापील कागदावर होतं, काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नये. दादानं वाचलं, ग्रेप. बागायतदाराच्या घरात द्राक्षबंदी! दोन दिवस सगळे सुतकात. ग्रेपफ्रूट म्हणजे संत्र्या-मोसंबीच्या भाऊबंदकीतलं फळ, आपल्या पपनसाच्या जवळचं. ते काही गोळ्यांचं शरीरात विघटन होऊ देत नाही, मात्रा रक्तात साठत जाते. त्यामुळं परसातलं पपनसही डॉक्टरांना विचारूनच. द्राक्षं धुऊन खा.

आता तुम्ही म्हणाल, झाडपाल्यावर तुझा एवढा राग का? राग नाही. दर आठवड्याला एकदा असं बारा वेळा जे औषध वहिनींना दिलं, पॅक्लिटॅक्सेल, ते मुळात झाडाच्या सालीतलं. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या. आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपले नंदुरबारचे, मनसुख वाणी. १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. मनरो वॉल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल जगापुढं मांडलं. टॅक्सॉलला औषध म्हणून अमेरिकेत परवानगी मिळाली १९९२ ला. एकवीस वर्षं! मात्रा किती, कुणाला, किती तासांत, हात-पायाला मुंग्या आल्या तर काय, हे ठरवण्यात ती गेली. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात भरपूर असतं, म्हणून तर चोरून तोडून त्याची वाट लावली. आणि दारातली सदाफुली. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन निघतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालतं. त्याची मात्रा एक-दोन मिलिग्रॅममध्ये मोजतात, शिरेतूनच देतात. म्हणून सदाफुलीची पानं चावून खाणाऱ्याला मी हात जोडतो. एका पानात किती आहे ते त्या पानालाही माहीत नाही.

तालुक्याच्या गावात एक वैद्य आहेत, वहिनींचा त्यांच्यावर फार विश्वास. शेवटी मीच त्यांच्याकडं घेऊन गेलो, वही घेऊन. त्यांनी नाडी बघितली, सगळी वही वाचली आणि म्हणाले, "केमो संपेपर्यंत पोटातून माझं काही नको. काय द्यावंसं वाटलं तर आधी तुमच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलेन." आणि पेज कशी करायची ते मात्र अर्धा तास समजावलं. चांगला वैद्य ओळखायची माझी खूण हीच झालीय, जो दुसऱ्याचं औषध बंद करायला सांगत नाही तो.

येलच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये जे छापलं ते मेव्हण्यांना मी मोबाईलवर वाचून दाखवलं. नेहमीच्या उपचाराबरोबर पूरक काहीतरी घेणारे २५८ आणि न घेणारे १०३२. पूरक घेणाऱ्यांत मरणाचा धोका दुप्पट. मेव्हणे म्हणाले, "म्हंजे पाल्यानं मारलं?" तसं नव्हतं. त्या लोकांनी मुख्य उपचाराचा एखादा तुकडा नाकारला होता. केमो नाकारणारे त्यांच्यात शंभरात चौतीस, बाकीच्यांत तीन. रेडिएशन नाकारणारे त्रेपन्न, बाकीच्यांत दोन. हे नाकारणं हिशोबात धरलं की फरक जवळजवळ उरत नव्हता. मेव्हणे मोबाईल हातात घेऊन आकडे पुन्हा बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्ये पथ्य."

वहिनींची बारा सलाईनं फेब्रुवारीत, ऐन काढणीत संपली. मार्चमध्ये रेडिएशन झालं. आता टॅमॉक्सिफेन चालू आहे, अंगातून मधेच वाफा निघतात, रात्रीची झोप मोडते. दर तीन महिन्यांनी तपासणी. गुळवेल लिंबावर तसाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

वहीतली परवाची ओळ वहिनींच्याच अक्षरात आहे: शतावरी कल्प, जाऊबाईच्या माहेरून, वाफांसाठी, दोन चमचे म्हणाल्या, अजून घेतलेला नाही, १४ तारखेला मिरजेला विचारायचं.